गार टोक

आमच्या बाबांना आम्ही बर्फाच्या पेटीत ठेवलं हे ऐकून लोकांनी कसली कसली तोंडं केली ते मी पाहिलंय. करा म्हणावं. ज्यांचा पूल वाहून गेला नाही आणि ज्यांच्या घरात त्याच वेळी माणूस मेला नाही, त्यांचं नाकं मुरडायला काय जातंय?

पेटी माझी. पेटी म्हणजे दुकानात असतो तो लांबलचक फ्रीजर, वर जाड झाकण. मी त्यात आइसकांड्या आणि बर्फाच्या लाद्या ठेवून विकते. गल्लीत मला बर्फवालीच म्हणतात. खरं नाव विचाराल तर चार जणांनाही सांगता यायचं नाही. आणि ही पेटी चालायची बाबांच्या इंजिनावर. आमच्या घरात खात्याची वीज नाही. का नाही ते सांगते, पण आधी इंजिनाचं ऐका, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बाबा कारखान्यात लेथवर होते. नोकरी संपलेली होती, वीज तुटली आणि त्यांनी मागच्या अंगणात पत्र्याखाली स्वतःच्या हातानं ते धूड उभं केलं. त्यात पेट्रोल नाही, डिझेल नाही. एका जाड नळकांड्यात हवा कोंडलेली. नळकांड्याचं एक टोक चुलीत, दुसरं टोक पाण्यात. तापलेली हवा फुगते, गार झालेली आक्रसते, आणि त्या फुगण्या-आक्रसण्यावर चाक फिरतं. चाकाला ट्रकचा जुना डायनॅमो, डायनॅमोला बॅटऱ्या, बॅटऱ्यांवर माझी पेटी आणि घरातले दिवे. गल्लीनं त्यांचं नाव 'वाफ्या' पाडलं. त्या नावाचा त्यांना भयंकर राग. "वाफ नाही रे गाढवांनो, हवा आहे हवा!" असं ओरडत ते दारापर्यंत धावायचे, आणि ते धावतात म्हणूनच पोरं मुद्दाम म्हणायची.

येणारा प्रत्येक जण आधी चुलीत डोकावायचा. बाबा त्याला दंडाला धरून दुसऱ्या बाजूला आणायचे. "तापवायला काय, कुणीही तापवेल. इकडे बघ. अक्कल गार टोकाला लागते." त्या टोकाभोवती त्यांनी पत्र्याची डबी बसवली होती, आणि शेजारच्या पिंपातलं पाणी नळीनं त्या डबीतून फिरून परत पिंपात पडायचं. पाणी गार तोवर चाक झोकात. पाणी कोमट झालं की चाक कुरकुरायला लागायचं, आणि कढत झालं की कितीही लाकूड घाला, मख्ख. दोन्ही टोकं सारखीच तापली तर हवा बिचारी करणार काय? म्हणून कोमट पाणी सोडायचं, गार भरायचं. आम्ही सगळे त्याच कोमट पाण्यानं आंघोळी करत आलो.

आता वीज का नाही ते. दादामुळे.

माझा मोठा भाऊ वीज खात्यात वायरमन. बाबांनी आमच्या मीटरवरून वायर ओढून काकांच्या पावाच्या भट्टीला दिली होती. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दोन घरं सोडून राहतात. भावाला वायर दिली त्यात काय एवढं, असं बाबांचं म्हणणं. खात्याचं म्हणणं वेगळं होतं. तक्रार गेली, कनेक्शन तोडायचा हुकूम निघाला आणि तो नेमका दादाच्या हातात पडला. त्याला दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. पण हा शहाणा स्वतः आला. शिडी लावली, चढला, वायर कापली, उतरला. बाबा दारात उभे होते.

"दुसरा कुणी आला असता तर मीटरही उखडून नेला असता, बाबा," दादा म्हणाला. "अर्ज करा, मी परत जोडून देतो."

"पोटच्या पोरानं घरात अंधार केला," बाबा म्हणाले, आणि आत गेले. अर्ज त्यांनी केला नाही. दादा पुन्हा घरी आला नाही. दोघेही एकाच मातीचे, मोडतील पण वाकणार नाहीत. मधल्या मधे आई झुरत राहिली आणि मी दोघांवर चिडत राहिले.

मग वरच्या धरणाचं पाणी सोडलं. नदी खालच्या आळीत शिरली, पूल गेला, खांब आडवे झाले, नळ बंद पडले. सगळं गाव काळोखात आणि एकट्या आमच्या घरात दिवे. बाबांना काय आनंद! ज्यांनी त्यांना वाफ्या म्हणून छळलं तेच लोक फोन चार्ज करायला रांगेत उभे, आणि बाबा प्रत्येकाला गार टोक दाखवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या ते एका बाजूला कलले. मला वाटलं लाकूड उचलायला वाकलेत. शेजारी एक नर्स राहते, ती धावत आली, मनगट धरलं, डोळे उघडून बघितले आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. चाक फिरतच होतं. त्या क्षणी मला त्या चाकाचा इतका संताप आला की लाथ घालावीशी वाटली.

दादाला फोन एकदाच लागला. तो नदीपलीकडे लायनी जोडण्याच्या कामावर होता. फोनवर तो रडला नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "थांबा. मी येतोय. मी आल्याशिवाय माती देऊ नका. मला एकदा बाबांचं तोंड बघायचंय." आणि फोन गेला तो गेलाच, टॉवरच बंद पडला.

"जिवंतपणी बघायला कुणी डोळे बांधले होते याचे?" मी म्हणाले.

"तो थांबा म्हणालाय," आई म्हणाली.

"अगं पण पूल नाही, रस्ता नाही. कधी येणार तो? कसा येणार?"

"तो थांबा म्हणालाय."

काकांनी सांगून पाहिलं, नर्सनं सांगून पाहिलं, गल्लीतले म्हातारे सांगून थकले. आईचं एकच पालुपद. बापलेकांनी एकमेकांची तोंडं बघितली नव्हती, निदान एकानं तरी दुसऱ्याचं बघू दे, एवढंच तिला हवं होतं. प्रेतं ठेवायची सोय असलेलं इस्पितळ नदीपलीकडे. दिवस तापलेले, हवा दमट. राहता राहिली माझी पेटी.

पेटी रिकामी करायची म्हणून आतल्या सगळ्या आइसकांड्या मी गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या. भेटायला आलेली माणसं अंगणात तोंडं पाडून उभी आणि त्यांच्या पायांतून लाल-नारिंगी जिभांची पोरं पळतायत. एका चिमुरड्यानं मला विचारलं, "आता अजून कोण मेलं की परत देणार?" त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातून जे रडू आलं ते आवरेना. सकाळपासून तेव्हाच पहिल्यांदा रडले मी.

बाबा उंचीनं बेताचे, तरी गुडघे थोडे दुमडावे लागले. बर्फाच्या लाद्या फोडून आम्ही कपड्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना आणि डोक्याशी रचल्या. झाकण लावणार तेवढ्यात आई म्हणाली, "थांब," आणि घडी केलेला टॉवेल आणून तिनं त्यांच्या गुडघ्यांखाली सरकवला. "दुखतात त्यांचे," ती म्हणाली.

तर आता बाबांना गार ठेवायचं तर पेटी चालायला हवी, पेटी चालायला इंजिन, आणि इंजिन चालायला त्याचं गार टोक गार हवं. आणि ते ठेवणारा माणूस तर पेटीत.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहिल्या दिवशीच संपलं. मग मी गल्लीतलं पुराचं पाणी बादल्यांनी उपसून, फडक्यातून गाळून पिंपात ओतायला लागले. फडक्यातून काय गाळणार कपाळ! पीठ चाळल्यासारखी बारीक माती होती त्यात. दुपारपर्यंत चाक रडायला लागलं. चुलीवर काका बसले होते. काकांचा सगळा जन्म भट्टीपुढे गेलेला. त्यांना एकच इलाज माहीत. चाक मंदावलं की लाकूड घाल. अजून मंदावलं की अजून घाल.

"काका, पुरे करा. पाणी उकळायला आलंय तिकडे."

"अगं, जाळच कमी पडतोय. मला शिकवू नकोस. भट्टी गार पडली की पाव बसतो."

"ही भट्टी नाही, काका!"

"आग ती आग. तुझ्या बापाला तरी कुठे कळायचं!" ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचंच तोंड उतरलं. भाऊ पेटीत होता त्यांचा.

डबीला हात लावला तर चटका बसला. नळीतून पाण्याची नुसती करंगळीएवढी धार. मी जाळ ओढायला लावला, चाक थांबवलं आणि पान्यानं डबीचं झाकण खोललं. आत चिखलाचे थर बसून घट्ट झालेले. चमच्यानं, तारेनं, नखांनी खरवडून काढलं सगळं. बाबांनी हे काम करताना मला किती वेळा हाक मारली होती, "ये, बघून ठेव," आणि मी किती वेळा म्हटलं होतं, गिऱ्हाईक आहे. असो. तेवढा वेळ पेटी बॅटरीवर चालली. बॅटरीचा काटा उतरताना बघत बघत हात चालवायचे, म्हणजे काय होतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

डबी साफ झाली, पण पाण्याचं काय? पुन्हा गढूळ पाणी घालणं म्हणजे ये रे माझ्या मागल्या. स्वच्छ पाणी होतं ते एवढंच, निवळून घेतलेलं एक पिंपभर, आणि तेही फिरून फिरून तापणार. मी डोक्याला हात लावून बसले. तेव्हा काका उठले आणि घरी गेले. परत आले ते डोक्यावर पावाचे पत्रे घेऊन. भट्टीत पाव भाजायचे ते मोठाले काठाचे पत्रे, एकावर एक.

"गरम पाव ढिगात ठेवला तर गार होत नाही," ते म्हणाले. "पसरायला लागतो. पाणी पण पसरून बघ."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मघाशी ओरडले होते त्याची लाजही वाटली आणि जीवही भांड्यात पडला. अंगणात सावलीच्या बाजूला पत्रे मांडले. पिंपातलं कढत पाणी त्यांत बोटभर ओतायचं, पुठ्ठ्यानं वारा घालायचा, निवलं की गोळा करून पुन्हा पिंपात. ओत, वार, गोळा कर. ओत, वार, गोळा कर. आई पुठ्ठा घेऊन पत्र्यांपाशी बसली ती उठेचना. कुणी तरी आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी ती त्या पाण्याला वारा घालत होती. चाक पुन्हा सुरात आलं.

दुसरा दिवसही तसाच काढला. हातांना फोड, कंबर मोडलेली. नर्स येऊन झाकण किंचित उघडून बघून गेली. "चांगलं आहे," ती म्हणाली. "पण आता याच्या पुढे फार ताणू नका गं." आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिचं सगळं लक्ष गल्लीच्या तोंडाकडे. कुणाची पावलं वाजली की पुठ्ठा थांबायचा. दुसऱ्याच कुणाची आहेत हे कळलं की पुन्हा हलायला लागायचा. मला दादाचा असा राग यायचा की वाटायचं, आता तो आलाच तर आधी त्याच्या कानाखाली जाळ काढीन आणि मग रडायचं ते रडेन.

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र माझे डोळेच उघडे राहीनात. काका म्हणाले, "जा, पड थोडी. मी आहे ना." मी आत जाऊन जमिनीवर आडवी झाले ती मेल्यासारखी झोपले.

जाग आली ती चाकाच्या आवाजानं. असं पळत होतं, असं पळत होतं, की बाबा असतानाही कधी पळालं नसेल. मी अंगणात आले. काका कमरेवर हात ठेवून उभे, तोंडावर हसू, किती दिवसांनी.

"बघ! बघ कसं पळतंय! बॅटरीचा काटा बघ!"

"काय केलंत, काका?"

"अगं, पत्र्यावरचं पाणी निवेना. ऊन फिरलं ना इकडे. आईला तुझ्या घेरी आली, तिला आत निजवलं. एकट्यानं किती वारणार मी? मग डोकं चालवलं. गार टोक गारच हवं ना? मग बर्फाहून गार काय आहे?"

मी पिंपात बघितलं. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते, विरघळून अंगठ्याएवढे झालेले.

"काका. बर्फ कुठून आणलात?"

त्यांनी पेटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटतं तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला, कारण त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र घाबरले.

झाकण नीट लागलेलं नव्हतं. घाईत बर्फ काढताना कपड्याचं टोक मधे अडकलं होतं, आणि त्या फटीतून आतलं गार सगळं बाहेर. किती वेळ, देव जाणे. बाबांच्या दोन्ही बाजूंना ओली फडकी आणि पाणी. चेहऱ्यावर दव साचलेलं. कपाळाचा रंग सकाळी होता तो नव्हता. आणि वास. थोडासाच, पण एकदा आला की नाकातून जात नाही असा.

मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. चुलत्याला बोलू नये ते सगळं बोलले. "बाबांचा बर्फ काढून बाबांच्याच इंजिनात घातलात! कशासाठी? बाबांना गार ठेवायला! अहो, पावाच्या पिठात डोकं घालून जन्म काढलात, निदान एवढं तरी कळावं!"

"पण ते इंजिन त्याच्यासाठीच चाललंय ना गं..." काका पुटपुटले. "मला वाटलं, जोरात चाललं की पेटी जास्त गार होईल. पुन्हा जमेल बर्फ." मग ते तिथेच पत्र्यांच्या मधे पाण्यात बसले आणि हुंदके द्यायला लागले. म्हातारा माणूस, दोन रात्रींचा जागा, भावासाठी करायला गेला आणि हे होऊन बसलं. मला त्यांना उठवायला हवं होतं. नाही उठवलं. त्या वेळी माझ्यात ती दया शिल्लक नव्हती.

नर्सला बोलावलं. तिनं बघितलं, झाकण लावलं, हात धुतले. "अंधार पडायच्या आत," ती म्हणाली. "चेहरा तोवर राहील. उद्या नाही राहायचा." गल्लीतल्या लोकांनी टेकडीवर खड्डा केव्हाच खणून ठेवला होता.

आईला मीच सांगायचं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, पदरानं तोंड पुसत. मी आडपडदा ठेवला नाही. ठेवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. "आई, उद्या दादा आला तरी त्याला बघायला तोंड उरायचं नाही. आज संध्याकाळी न्यायचं."

तिनं ते पालुपद पुन्हा म्हटलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. पण ती म्हणाली नाही. बराच वेळ माझ्या फोड आलेल्या हातांकडे बघत राहिली. "उजेड आहे तोवर चालू ठेव," एवढंच म्हणाली, आणि उठून पुन्हा पुठ्ठा घेतला.

तर आम्ही चालू ठेवलं. काका लाकूड घालायला गेलेच नाहीत, मीच घातलं, बेतानं. ते पत्रे उचलून सावलीत नेऊन मांडत राहिले. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं आणि मी मनात म्हणत होते, ये रे मेल्या. ये. शिव्या देईन, पण ये.

आणि तो आला. गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला, आईच्या हातातून पुठ्ठा पडला. कुणाच्या तरी होडीतून नदी ओलांडून, पुढे चालत, छातीपर्यंत चिखल, खात्याचं जाकीट फाटलेलं, एका पायात बूट नाही. इतका म्हातारा दिसत होता माझा भाऊ. कानाखाली वाजवायला उचललेला हात मी कुठे ठेवला तेही मला आठवत नाही.

आईनं त्याला कुरवाळलं, चिखलासकट. "आलास रे," ती म्हणाली. "वेळेवर आलास. ये. बघून घे."

दादा अंगणात आला आणि इंजिनापाशी थांबला. त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं. वायर कापल्यावर बाबांनी काय केलं ते त्यानं नुसतं लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. चाकाकडे बघितलं, डायनॅमोकडे, मग तिथून पेटीकडे गेलेल्या वायरीवरून त्याची नजर सरकत सरकत पेटीपर्यंत आली. वायरमनची नजर ती.

"हे बाबांनी केलं?"

"तुझ्यामुळे केलं," मी म्हणाले. "आणि आता तुझ्यासाठी चाललंय. चल. वेळ नाही."

मी झाकणाला हात घातला तसा तो मागे सरला.

"नको."

"काय नको?"

"मला नाही बघायचं." तो म्हणाला. "मी वाटेत सगळीकडे... सगळीकडे तेच बघत आलोय गं. पाण्यातून काढलेली माणसं. मला बाबा तसे नको आहेत. दारात उभे होते ना, तसेच राहू दे माझ्या डोळ्यांत. रागावलेले. पण उभे."

काका खाली बघत होते. माझ्या डोक्यात मात्र भडका उडाला.

"तू थांबा म्हणालास! तुझ्या एका शब्दाखातर या बाईनं तीन दिवस पाण्याला वारा घातलाय! आमचे हात बघ! काकांकडे बघ! आणि आता येऊन म्हणतोस, नको?"

"ताई नाहीस तू माझी, लहान आहेस," तो म्हणाला, आणि मग लहान पोरासारखा रडायला लागला. "मी काय करू? नाही होत मला. नाही होत."

मी त्याला ओढणारच होते. खरं सांगते, मानगूट धरून त्याचं डोकं त्या पेटीत घातलं असतं. आईनं मला बाजूला केलं. ती रागावली नव्हती. तिनं स्वतः झाकण उघडलं, पूर्ण. गार वाफ बाहेर आली, आणि तो वासही. तिनं दादाचा चिखलानं भरलेला हात धरला.

"तुला बघायचं नसेल तर नको बघूस," ती म्हणाली. "डोळे मिट. पण इथे येऊन उभा राहा. त्यांना बघू दे तुला."

दादानं डोळे घट्ट मिटले, साबण लागेल म्हणून पोर मिटतं तसे, आणि आईच्या हाताला धरून पेटीपाशी आला. आईनं त्याची हनुवटी धरून चेहरा खाली वळवला. मग वाकून, बाबा कानानं अधू होते म्हणून त्यांच्याशी बोलायची तसंच जरा मोठ्यानं म्हणाली, "अहो, आलाय बरं का. बघून घ्या."

मी चुलीपाशी गेले आणि जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढली, पत्र्यातल्या पाण्यात विझवली. आग गेली तरी चाक थांबेना. नळकांडं तापलेलं होतं, पाणी अजून गार होतं. आम्ही सगळे उभे राहिलो. दादाचे डोळे मिटलेले, आईचा हात त्याच्या हनुवटीला. कुणीच बाबांना हलवायला पुढे झालं नाही, चाक फिरतंय तोवर.